गोठ्यातील वायू आणि वळूची निवड

पोळ्याच्या सुट्टीपूर्वीची गोष्ट. आठवीच्या वर्गात आम्ही हवेचा पाठ शिकवीत होतो. प्राणवायू, कर्बद्विप्राणिद वायू इत्यादी नावे फळ्यावर लिहून झाली आणि 'कोणास काही शंका?' असे विचारले. सौसरकडील एका खेड्यातून येणारा विद्यार्थी उभा राहिला. त्याच्या घरी एक गाय व बैलांची एक जोडी आहे. तो म्हणाला, "गुरुजी, मोबाईलवर दाखवते की गाईच्या ढेकरानं जग तापते. मंग आमी गाय ठेवाव का इकाव?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण त्या मुलाच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. ज्या जनावराच्या गळ्यात दोन दिवसांनी माळ घालावयाची, त्याच्यावर असा आरोप ऐकून तो खरोखरच दुखावला होता. त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर अर्धवट होते. पुढे या विषयाचे जे वाचन व मनन घडले, त्याचे सार ट्रस्टच्या या ज्युबिली स्मरणिकेच्या निमित्ताने सभासदांपुढे ठेवीत आहोत. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आज ना उद्या दावण होती, किंवा अजून आहे. तेव्हा हा विषय केवळ पुस्तकी नव्हे.

वायू कोठून येतो?

गाय, म्हैस, शेळी, मेंढी हे रवंथ करणारे प्राणी. यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. पैकी पहिला कप्पा सर्वांत मोठा; त्यास इंग्रजीत रुमेन म्हणतात. त्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात. कडबा, कुटार, वाळलेले गवत यांतील तंतुमय भाग मनुष्यास पचत नाही. गाईसही तो स्वतःच्या बळावर पचत नाही. हे सूक्ष्म जीव तो कुजवून, आंबवून त्याची आम्ले करतात आणि त्या आम्लांवर गाय जगते. आपल्या उपयोगाची नसलेली काडी दुधात आणि बैलाच्या शक्तीत बदलते, ती या मार्गाने.

हे आंबणे चालू असता हायड्रोजन वायू सुटतो. तो साचून राहिला तर आंबण्याची क्रिया मंदावेल. तो साचू नये म्हणून निसर्गाने त्याच कप्प्यात दुसऱ्या जातीचे सूक्ष्म जीव ठेवले आहेत. ते हायड्रोजनचे चार रेणू आणि कर्बद्विप्राणिदाचा एक रेणू घेऊन मिथेनचा एक व पाण्याचे दोन रेणू बनवितात. हा मिथेन ढेकर व उच्छ्वास यांवाटे बाहेर पडतो. मागील बाजूने जाणारा भाग अगदी थोडा असतो. तेव्हा या विषयावर जे थट्टेचे बोलणे चालते ते शास्त्रास धरून नाही. गाईचे तोंड हेच त्याचे धुराडे होय.

म्हणजे मिथेन हा रोग नव्हे आणि दोषही नव्हे. तो पचनाचा अवशेष होय. मात्र तो नुकसानीचा अवशेष आहे. जनावराने खाल्लेल्या चाऱ्यातील एकंदर शक्तीपैकी २ ते १२ टक्के शक्ती या वायूच्या रूपाने निघून जाते. निव्वळ कोरड्या, भरड चाऱ्यावर पोसलेल्या जनावरात हे प्रमाण साधारण सहा-सात टक्के धरतात. शंभर पेंढ्या कडबा घातला तर सहा-सात पेंढ्यांचे सत्त्व हवेत उडून गेले, असा याचा अर्थ. जगाचे तापमान क्षणभर बाजूस ठेवले तरी शेतकऱ्याच्या दृष्टीने हे नुकसान आहेच.

आता तापमानाविषयी. मिथेन हवेत सुमारे बारा वर्षे टिकतो, मग त्याचे विघटन होते. परंतु तेवढ्या काळात तो उष्णता धरून ठेवण्याचे काम फार जोराने करतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने वजनास वजन कर्बद्विप्राणिदाच्या सुमारे २८ पट, आणि वीस वर्षांच्या हिशेबाने सुमारे ८० पट. तो लवकर नाहीसा होतो म्हणून, कमी केला तर त्याचा गुणही लवकर दिसतो. याच विचाराने २०२१ साली ग्लासगो येथील परिषदेत पुष्कळ राष्ट्रांनी २०३० पर्यंत मिथेन तीस टक्के कमी करण्याचा संकल्प केला. भारत त्यात सामील झाला नाही. येथील मिथेन मुख्यतः लहान शेतकऱ्यांच्या भातखाचरांतून व गोठ्यांतून निघतो, चैनीतून निघत नाही, ही आपली भूमिका राहिली आहे. भूमिका रास्त आहे. पण तिने प्रश्न सुटत नाही. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे देशात सुमारे १९ कोटी गाई-बैल व सुमारे ११ कोटी म्हशी-रेडे आहेत, आणि आपल्या शेतीक्षेत्रातून निघणाऱ्या उष्णताधारक वायूंचा निम्म्याहून अधिक भाग रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पचनाचा आहे.

दोन प्रकारची बेरीज

येथे एक हिशेब वाचकांनी कागदावर करून पाहावा. हवामान-बदलाच्या आंतरराष्ट्रीय पॅनेलने २००६ साली जी मार्गदर्शिका काढली, तीत पश्चिम युरोपातील दुभती गाय वर्षास ११७ किलो मिथेन सोडते व सुमारे ६,००० किलो दूध देते, असे धरले आहे. भारतीय उपखंडातील दुभती गाय ५८ किलो मिथेन सोडते व ९०० किलो दूध देते, असे धरले आहे. हे सरासरीचे अंदाज आहेत.

डोई मोजली तर आपली गाय युरोपीय गाईच्या निम्मीच दोषी. परंतु लिटर मोजला तर? युरोपीय गाईच्या एका किलो दुधामागे साडेएकोणीस ग्रॅम वायू निघतो, आपल्या गाईच्या एका किलो दुधामागे सुमारे ६४ ग्रॅम. म्हणजे तिप्पटीहून अधिक. एकच गाय एका हिशेबाने निर्दोष व दुसऱ्या हिशेबाने सदोष ठरते. वर्तमानपत्रांत जे वाद होतात ते बहुधा या दोन हिशेबांची सरमिसळ केल्याने होतात.

तथापि लिटरच्या हिशेबातही एक उणीव आहे. पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याची गाय दुधासाठीच नसते. ती बैल देते, शेण देते आणि शेतातील टाकाऊ काडी खाते. हे सारे त्या भागाकारात कोठेच येत नाही.

भाकड काळाचा विचार मात्र आपण केलाच पाहिजे. गाय दूध देवो वा न देवो, रवंथ चालूच असते व वायू निघतच असतो. कालवड तीन वर्षांऐवजी चार वर्षांनी व्याली, तर एका पूर्ण वर्षाचा चारा व वायू फुकट गेला. दर अठरा महिन्यांनी वेत होत असेल तर सहा वर्षांत चार वेते होतात. तेच अंतर साडेचौदा महिन्यांवर आणले तर सुमारे पाच होतात. एक वासरू अधिक, एका वेताचे दूध अधिक, आणि वायू जवळजवळ तेवढाच.

वाणाचा भाग किती?

आता मुख्य विषयाकडे वळू. एकाच गोठ्यातील, एकच चारा खाणाऱ्या दोन गाई सारखाच वायू सोडीत नाहीत. काही अंशी हा फरक जन्मजात असतो व पिल्लांत उतरतो. पोटाच्या पहिल्या कप्प्याचा आकार, त्यातून चारा पुढे सरकण्याचा वेग आणि त्यातील सूक्ष्म जीवांचा मेळ, या गोष्टींवर आनुवंशिकतेचा परिणाम आहे असे आढळले आहे.

आपल्या भागातील वाचकांस हे संत्र्याच्या उदाहरणाने पटकन कळेल. बागवान कलम करताना वाटेल त्या झाडाचा डोळा घेत नाही. ज्या झाडाने वर्षानुवर्षे चांगले फळ दिले त्याचाच डोळा तो जंबेरीच्या खुंटावर बांधतो. जनावरातील निवड ही याच जातीची गोष्ट. फरक एवढाच की डोळ्यातून आलेले झाड मूळ झाडाची नक्कल असते, तर वासरात अर्धा भाग वळूचा व अर्धा गाईचा येतो, आणि शिवाय चारा, पाणी व निगा यांचा परिणाम निराळाच.

या कारणाने प्रगती सावकाश होते. समजा, कळपाची सरासरी १०० भाग आहे. आपण ९० भाग वायू सोडणारा वळू व तशीच गाय निवडली. आनुवंशिकतेचा हिस्सा पाचवा धरला, तर वासरांची सरासरी ९० येणार नाही. ती ९८ येईल. दहाचा पाचवा हिस्सा दोन. फक्त वळूच निवडला तर ९९. हे वाचून कोणी म्हणेल, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? पण चाऱ्यात औषध मिसळून केलेली घट औषध बंद करताच संपते, वाणात आलेली घट मात्र पुढच्या पिढीस वारशाने मिळते. तिच्यावर पुढची निवड, तिच्यावर पुढची, अशी भर पडत जाते. व्याजावर व्याज चढावे तसे हे आहे.

परदेशांतील प्रयत्न

न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांवर हा प्रयोग झाला. कमी वायूच्या व अधिक वायूच्या अशा दोन निराळ्या शाखा वाढविल्या. तीन पिढ्यांनंतर दोन कळपांत दहा टक्क्यांहून अधिक फरक दिसून आला. कॅनडात २०२३ साली होल्स्टीन गाईंसाठी वळूंच्या गुणपत्रकात मिथेनचे मूल्यांकन देण्यास प्रारंभ झाला. तेथे प्रत्येक गाईचा उच्छ्वास मोजीत बसत नाहीत. थोड्या गाईंचा वायू यंत्राने मोजून, त्याची सांगड दुधाच्या नमुन्यावर पाडलेल्या अवरक्त किरणांच्या तपासणीशी घातली आहे. स्कॉटलंडमध्ये कमी वायूचा कळप लवकर वाढविण्यासाठी प्रयोगशाळेत फलन करून जन्मविलेल्या कालवडीची बातमी २०२५ च्या आरंभी आली. तिचे नाव हिल्डा.

हे सर्व स्तुत्य आहे. पण यावरून 'तिकडचा वळू आणा आणि इकडच्या गाईस लावा' असा निष्कर्ष कोणी काढू नये. कमी वायू सोडणाऱ्या मेंढ्यांत पोटाचा पहिला कप्पा लहान असतो व चारा लवकर पुढे सरकतो, असे आढळले आहे. तेथे हिरवे, कोवळे गवत मुबलक. लवकर सरकले तरी पचते. आपल्या गुरांच्या नशिबी उन्हाळाभर कडबा आणि तुरीचे कुटार. असा भरड चारा पचावयास तो पोटात अधिक वेळ राहावा लागतो. केवळ वायू कमी म्हणून लहान पोटाचे वाण निवडले, तर वायूबरोबर काडी पचविण्याची शक्तीही जाईल की काय, ही शंका आम्हास रास्त वाटते. तिचे उत्तर आपल्या मातीत, आपल्या चाऱ्यावर, आपल्या गाईंवर मोजमाप करूनच मिळेल.

एका गुणामागे धावण्याचा अनुभव आपल्या पदरी आहेच. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे स्थापिलेल्या बाएफ संस्थेने गोठविलेल्या वीर्याच्या साहाय्याने संकरित गाई गावोगाव पोहोचविल्या. त्यामुळे हजारो घरांत दूध आले, हे निर्विवाद. परंतु जेथे चारा, पाणी व औषधपाणी यांची सोय नव्हती, तेथे संकरित जनावर उन्हात टिकेना. आणि संकरित गोऱ्हा औतास व बंडीस मनाजोगा मिळेना. दूध हा एक गुण झाला, गाय म्हणजे अनेक गुणांचा संच होय.

आपला गवळाऊ

२०२३ साली छिंदवाड्यापासून निराळे होऊन पांढुर्णा व सौसर यांचा नवा जिल्हा झाला. जिल्हा नवा, पण येथील गोवंश जुना आहे. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, शिवनी व बालाघाट हा गवळाऊ जातीचा मुलूख. पांढरा ते राखी रंग, लांबट अरुंद तोंड, हलका बांधा आणि चपळ चाल. मराठ्यांच्या फौजांच्या जलद वाहतुकीसाठी ही जात जोपासली गेली, असे परंपरेने सांगतात. शंकरपटाच्या मैदानावर ज्यांनी ती पाहिली असेल त्यांस हे सांगणे नको. वर्ध्यास १९४१ साली गोसेवा संघ निघाला आणि जमनालाल बजाज यांनी आयुष्याचे अखेरचे दिवस त्याच कामी दिले, ते याच मुलखात.

आमच्या लहानपणी अब्बांपाशी गवळाऊची एक जोडी होती. कापसाची बंडी घेऊन ते पहाटे जिनाकडे निघत. परतताना रात्री झोप लागली तरी बैल त्यांना नीट घरी आणीत. आज आमच्या मोहल्ल्यात बंडी दिसत नाही. नांगरट ट्रॅक्टरने होते, आणि शुद्ध गवळाऊ शोधावा लागतो.

या जातीची गाय एका वेतास सहाशे किलोच्या आसपास दूध देते. लिटरच्या हिशेबाने ती परीक्षेत नापास होईल. परंतु ती थोड्या चाऱ्यावर जगते, ऊन सोसते आणि कामाचा बैल देते. तेव्हा तिला हाकलून देणे हा उपाय नव्हे. याच जातीत ज्या गाई लवकर विणाऱ्या, वेळेवर गाभण राहणाऱ्या व बऱ्या दुधाच्या आहेत, त्यांचा वंश वाढविणे हा उपाय होय. यंत्राने वायू न मोजताही अशा निवडीने लिटरमागचा वायू कमी होतो. वायूचे मोजमाप पुढे आले, तर तो आणखी एक गुण याच यादीत जोडता येईल.

निवड जन्मापूर्वी

येथे एक नाजूक मुद्दा स्पष्ट मांडला पाहिजे. परदेशी पशुपालक नापसंत जनावर कळपातून काढून टाकतो. आपल्या मध्यप्रदेशात २००४ पासून गोवंश-वध-प्रतिबंधाचा कायदा आहे. कायदा सर्वांनी पाळावयाचा, आणि शेजाऱ्याच्या श्रद्धेचा मान राखणे हा आपल्या गावांचा जुना रिवाज आहे. त्याचा व्यवहारातील अर्थ असा, की एकदा जन्मलेले वासरू म्हातारपणापर्यंत कोणाच्या तरी दावणीस, गोशाळेत किंवा रस्त्यावर राहणार. चारा खाणार आणि वायू सोडणार. म्हणून आपल्याकडील निवड ही जन्मापूर्वीच झाली पाहिजे. गाय माजावर आल्याच्या दिवशी जो निर्णय होतो, तो पुढील पंधरा वर्षांचा निर्णय असतो.

गावात मोकाट फिरणारा कोणताही सांड लागला तर ती निवड नव्हे, तो योगायोग झाला. कृत्रिम रेतनाने नोंद असलेल्या वळूचे वीर्य मिळते. ज्यांस बैलाची गरज नाही, त्यांच्यासाठी बहुतांशी कालवडीच जन्मतील असे लिंग-निवड केलेले वीर्यही आता निघाले आहे. भोपाळच्या केंद्रीय वीर्य केंद्रात त्याची प्रयोगशाळा आहे. नको असलेला गोऱ्हा जन्मास न येणे, हे त्याला रस्त्यावर सोडण्यापेक्षा अधिक दयेचे आहे.

आज काय करता येईल?

पहिली गोष्ट, वही. प्रत्येक गाईच्या नावाने एक पान ठेवावे. जन्म, माज, रेतनाची तारीख व वळूचा क्रमांक, व्याल्याची तारीख, आठवड्यातून एक दिवस मोजलेले दूध, एवढे पुरे. जनावराच्या कानातील बारा आकडी बिल्ल्याचा क्रमांक पानाच्या माथ्यावर लिहावा. नोंदीवाचून निवड नाही, आणि निवडीवाचून सुधारणा नाही. घरातील शाळकरी मुला-मुलींनी हे काम सहज करावे.

दुसरी गोष्ट, चारा. वाण बदलावयास पिढ्या लागतात, चारा उद्या बदलता येतो. कडबा कुट्टी करून घालावा, जोडीस बरसीम-लसूणघासासारखा द्विदल हिरवा चारा व खनिज मिश्रण द्यावे. सरकी व ढेप तर आपल्या कापसाच्या मुलखाचीच. तिच्यातील तेलाने वायू काहीसा घटतो, मात्र अति झाल्यास पचन बिघडते. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने 'हरित धारा' नावाचे पूरक खाद्य तयार केले आहे. त्याने मिथेन १७ ते २० टक्के घटतो असे संस्थेने सांगितले आहे.

तिसरी गोष्ट, आरोग्य. गोचीड, जंत व लाळ्या-खुरकत यांनी खंगलेली गाय वेळेवर गाभण राहत नाही. तिचा प्रत्येक भाकड महिना हा चाऱ्याचाही तोटा आणि हवेचाही.

या तिन्ही गोष्टींत शेतकऱ्याचा स्वतःचा लाभ आहे. जगाच्या हवेचे ओझे दोन एकरांच्या धन्याने एकट्याने उचलावे, असे आम्ही म्हणत नाही. ज्यांनी कोळसा व तेल जाळून श्रीमंती मिळविली, त्यांचा वाटा मोठा आहे. परंतु जे काम आपल्या फायद्याचे, जनावराच्या सुखाचे आणि हवेच्या हिताचे असे एकदम तिहेरी आहे, ते दुसऱ्याने आधी करावे म्हणून वाट पाहण्यात शहाणपण नाही.

पोळ्याच्या सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा आम्ही त्या विद्यार्थ्यास जवळ बोलाविले. म्हटले, "बाळ, गाय विकू नको. तिचा काही गुन्हा नाही. फक्त तिचा पुढचा वळू कोणता, हे तुझ्या बाबांसोबत बसून ठरव, आणि आजपासून तिची वही लिही." त्याने दुसऱ्या दिवशी वही आणून दाखविली. पहिल्या पानावर गाईचे नाव होते, खाली बिल्ल्याचे बारा आकडे, आणि त्याखाली लिहिले होते : 'सकाळचे दूध दीड लिटर.'

ट्रस्टच्या सभासदांच्या घरोघरी अशी एकेक वही सुरू झाली, तर या ज्युबिली वर्षाचे ते एक चांगले स्मारक होईल, असे आम्हास वाटते.